परतणाऱ्याची जागा

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने एक प्रश्न विचारला आहे, आणि त्याच्या सगळ्या प्रश्नांमध्ये तोच मला आपल्यासारख्या संसारी माणसाच्या सर्वांत जवळचा वाटत आला आहे. श्रद्धा आहे, आरंभही झालेला आहे, परंतु मध्येच मन ढळले, अभ्यास सुटला आणि सिद्धी हाती येण्यापूर्वीच मनुष्य वाटेवरून उतरला, तर त्याची गती कोणती? ना इकडचा ना तिकडचा असा तो, वाऱ्याने फाटलेल्या ढगासारखा, विरून तर जात नाही ना? सिद्धांचे काय होते हे शास्त्रांनी विपुल सांगितले आहे आणि पाप्यांचे काय होते हेही सांगितले आहे. परंतु जगातली बहुसंख्य माणसे या दोहोंपैकी कोणीच नसून, काहीतरी चांगले आरंभून मध्येच सोडून दिलेली अशी असतात. कोणी दोन वर्षे तंबोऱ्यापाशी बसून उठलेला असतो, कोणी संस्कृताची पहिली दोन पुस्तके करून थांबलेला असतो, कोणाची आठ वर्षे नेमाने झालेली वारी नवव्या वर्षी घरच्या आजारपणात चुकलेली असते आणि मग ती चुकतच गेलेली असते. या सर्वांच्या वतीने अर्जुनाने भगवंतांच्या दरबारी हा अर्ज गुदरला, याबद्दल त्याचे आभार मानावेत तितके थोडेच आहेत.

भगवंतांनी दिलेले उत्तर निःसंदिग्ध आहे. कल्याणाच्या वाटेवर ज्याने पाऊल टाकले त्याला दुर्गती नाही. असा योगभ्रष्ट पुण्यवंतांच्या लोकी राहून पुढे शुचिर्भूत व संपन्न घरी जन्मास येतो, किंवा त्याहूनही दुर्लभ असे, म्हणजे ज्ञानी योग्यांच्याच कुळात येतो. तेथे त्याला पूर्वदेहातली बुद्धी पुन्हा लाभते, आणि त्याची इच्छा असो वा नसो, पूर्वीचा अभ्यासच त्याला ओढून पुढे नेतो. तरुणपणी हे वाचले तेव्हा मला त्यात एकट्या जीवाला दिलेले अभिवचन दिसले होते: तुझी जमा बुडणार नाही, शिल्लक पुढच्या खात्यावर ओढली जाईल. पुढे पुष्कळ वर्षे मी तोच अर्थ धरून होतो. गेल्या पौषातल्या एका रविवारी दिवे घाटाच्या एका वळणावर, आडव्या झालेल्या एका मोटारसायकलीपाशी उभा असताना, त्या उत्तरातले ‘घर’ आणि ‘कुळ’ हे दोन शब्द मला जणू पहिल्यांदाच दिसले. त्यांच्यापाशी मी आजवर थांबलोच नव्हतो.

महिन्यातून एका रविवारी पहाटे आम्ही काही मंडळी मोटारसायकली घेऊन हडपसरच्या पुढे एका पेट्रोल पंपावर जमतो, वडकीवरून दिवे घाट चढून सासवडला जातो, तेथे न्याहारी करतो आणि माघारी येतो. वाट जेमतेम पंचवीस किलोमीटरांची. एरव्ही जी पाऊण तासात उरकावी, तिला आम्ही दोन तास देतो. कारण ही फेरी दोन प्रकारच्या माणसांसाठी आहे. पहिले नवखे, ज्यांच्या सहा महिने मुदतीच्या शिकाऊ परवान्याचे नुकतेच पक्क्या परवान्यात रूपांतर झाले आहे आणि ज्यांनी अद्याप आपल्या पेठेबाहेर चाक घातलेले नाही. दुसरे परतलेले, ज्यांनी एके काळी याच घाटात रात्री-अपरात्री गाडी हाकली, आणि मग मुले झाली, वडील अंथरुणाला खिळले, चारचाकी आली, किंवा एकदा पडल्यावर आईने शपथ घातली, म्हणून दहा, वीस, पंचवीस वर्षे गाडीला हात लावला नाही. माझा अनुभव असा की या दोघांपैकी दुसऱ्याला सांभाळणे अधिक नाजूक काम आहे. नवख्याला आपण नवखे आहोत हे ठाऊक असते, त्यामुळे त्याला विचारायची लाज वाटत नाही. परतलेल्याच्या अंगात मात्र एक जुना स्वार बसलेला असतो, आणि तो आजच्या माणसाला सारखा घाई करीत असतो.

आमच्यात पुढे चालणाऱ्याला लीड म्हणतात आणि शेवटच्याला स्वीप. मराठी फौजेत पुढे बिनी चाले आणि मागे चंदावल, तशीच ही व्यवस्था. लीड करणारे गृहस्थ रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले, पासष्टी ओलांडलेले आहेत. सर्व जण त्यांना काका म्हणतात. चंदावलीची चाकरी गेली चार वर्षे माझ्याकडे आहे. निघण्यापूर्वी काका फार बोलत नाहीत. “पुढच्याच्या चाकाकडे बघू नका, रस्त्याकडे बघा. अंतर सोडा. आणि मागं पडलात तर घाबरू नका, मागं माणूस आहे.” एवढेच ते दर महिन्याला सांगतात. पन्नासच्या वेगाला दोन सेकंदांचे अंतर सोडायचे म्हणजे सुमारे २८ मीटर होतात. एक गाडी रस्त्याच्या आपल्या भागात उजवीकडून, तर तिच्यामागची डावीकडून, असे एकाआड एक चालायचे. घाट लागला की एकेरी रांग धरायची. हे नियम कोणालाही अर्ध्या तासात समजतात. ज्याचा अर्थ समजायला मला बराच काळ लागला, तो नियम रांगेतल्या क्रमाचा आहे.

पूर्वी आम्ही नवख्यांना मागे ठेवीत असू. त्यात आमचा हेतू दयेचाच होता: पुढचे पुढे जातील, तुम्ही आपले सावकाश या. परंतु रांगेने चालणाऱ्या वाहनांचा एक स्वभाव आहे, तो आम्ही ध्यानात घेतला नव्हता. गतिरोधकापाशी पहिली गाडी मंदावते आणि पार होताच पुन्हा वेग घेते. त्या वेळी दुसरी अजून गतिरोधकावरच असते, तिसरी तिच्याही मागे असते, आणि असे करता करता दहाव्या गाडीपुढे एवढी मोकळी वाट पडते की रांग गाठण्यासाठी तिला धावावेच लागते. पुढचा पन्नासने संथ चालला असता शेवटच्याला मध्येच पासष्ट-सत्तर गाठावे लागतात, आणि तोवर पुढे पुन्हा एक गतिरोधक आलेला असतो. म्हणजे ज्याला आपण दया म्हणून मागे ठेवले, त्यालाच आपण सर्वांत अधिक पळवीत होतो, आणि वर त्याला हळू या असे सांगत होतो. शाळेतल्या शेवटच्या बाकापासून गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत ज्यांना ज्यांना मागे ठेवले गेले, त्यांच्याबाबतीत हेच घडत आले आहे. परंतु तो विषय स्वतंत्र आहे. आता आमच्याकडे सर्वांत अशक्त स्वार लीडच्या लगोलग मागे असतो, काकांच्या आरशात तो सतत दिसत असतो, आणि काकांचा वेग तोच ठरवतो. जाणते मागे असतात. पळावे लागलेच तर ते त्यांनी पळावे.

ज्या घाटातून आम्ही जातो तो ज्ञानदेवांच्या पालखीचा घाट आहे. ज्येष्ठाच्या वद्य पक्षात आळंदीहून निघालेली पालखी पुण्याचा मुक्काम उरकून हाच चढ चढते, आणि त्या दिवशी रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या सोहळ्याला जो शिरस्ता घालून दिला, तो आजही चालतो: रथापुढे अमुक क्रमांकाच्या दिंड्या, रथामागे अमुक क्रमांकाच्या, प्रत्येक दिंडीत पताकावाले पुढे, मग टाळकरी, पखवाज, विणेकरी, आणि डोक्यावर तुळशीवृंदावन व पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. संध्याकाळी तळावर समाजआरतीला सर्व दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात हजारो टाळ थांबतात. एखाद्या दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहिले, तर त्या दिंडीची काही तक्रार आहे असे सर्वांना कळते, आणि तिची दाद घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. हरवलेल्या वस्तूंचा पुकाराही तेथेच होतो. देवाची आरती एखाद्याच्या हरवलेल्या पिशवीसाठी थांबते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

परंतु त्या रविवारी माझ्या मनात राहिली ती दिंडीतली आणखी एक रीत. विणेकऱ्याच्या गळ्यातली वीणा जमिनीवर टेकवायची नसते. एकाचे खांदे भरून आले की दुसरा ती घेतो, तो जेवायला गेला की तिसरा घेतो. माणसे बदलत राहतात आणि वीणा अखंड उभी असते.

आता त्या वळणावरच्या गाडीकडे येतो. गाडी पडली ते गृहस्थ छप्पन वर्षांचे. तरुणपणी त्यांच्याकडे जुनी बुलेट होती आणि तिच्यावर त्यांनी कोकणचे सर्व घाट पाहिले होते. पुढे गाडी विकली आणि सव्वीस वर्षे मध्ये गेली. मुलीचे लग्न झाल्यावर त्यांनी पुन्हा नवी बुलेट घेतली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी असे आणि ब्रेक डाव्या पायाशी, पहिला गिअर वर उचलून टाकायचा, आणि पुढचे तिन्ही खाली दाबून. आजच्या गाडीत हे सर्व उलट आहे. गिअर डाव्या पायाशी आला आहे, आणि उजवा पाय जेथे गिअर शोधीत असे तेथे आता मागच्या चाकाचा ब्रेक आहे. गृहस्थांनी दोन महिने सोसायटीच्या आवारात आणि कॉलनीच्या रस्त्यांवर हात बसवला होता, तोवर काही चुकले नव्हते. घाटाच्या त्या वळणावर समोरून उसाने लादलेला ट्रक आला, त्यांनी वेग उतरवून पहिला गिअर घेतला, ट्रक गेला, वळण सरले, आणि दुसरा गिअर टाकण्यासाठी, सव्वीस वर्षांपूर्वी टाकला असता तसाच, त्यांचा उजवा पाय खाली दाबला गेला. मागचे चाक जागीच थबकले, चढावर इंजिन बंद पडले आणि गाडी सावकाश, अगदी एखादे जनावर बसावे तशी, डाव्या कुशीवर गेली.

लागले काहीच नव्हते. हातमोजा फाटला आणि डाव्या बाजूचा आरसा वाकला एवढेच. आमचा रिवाज असा की घाटात कोणी पडला तर सर्वांनी थांबायचे नाही. वळणावर दहा गाड्यांची गर्दी म्हणजे दुसऱ्या अपघाताला आमंत्रण. रांग पुढे जाते, माथ्यावर विठ्ठलाच्या उंच मूर्तीपाशी जागा ऐसपैस आहे तेथे काका थांबतात, आणि पडलेल्यापाशी फक्त चंदावल थांबतो. मी थांबलो. आम्ही दोघांनी मिळून गाडी उभी केली, कडेला घेतली, आणि ते कठड्यावर बसले. खाली मस्तानी तलावावर धुके होते. बराच वेळ ते आपल्या उजव्या बुटाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “पाय ऐकत नाही हो. मला माहीत होतं की ब्रेक आहे. माहीत असून दाबला.”

भगवंतांच्या त्या उत्तरातल्या ‘अवश’ या शब्दाचा अर्थ मला भाष्यांतून कळला नव्हता, तो या वाक्यातून कळला. पूर्वाभ्यास माणसाला त्याच्या इच्छेवाचून ओढून नेतो असे जे भगवंत म्हणतात, त्याची ही प्रत्यक्ष साक्ष होती. सव्वीस वर्षे, एक लग्न, दोन नोकऱ्या आणि एक विकलेली गाडी एवढे सर्व ओलांडून तो संस्कार त्या पावलात जसाच्या तसा जिवंत होता. परंतु तो त्यांना पुढे ओढून नेण्याऐवजी आडवे पाडून गेला. येथे माझी पहिली शंका उभी राहिली. मधल्या काळात गाडी बदलली आहे, रस्ता बदलला आहे, स्वतःचे वय बदलले आहे. अशा वेळी जुनी पुंजी ही पुंजीच असते, की कधी कधी कर्जही असते? जी बुद्धी पूर्वदेहात कमावली ती नव्या देहाला बेताची बसते की नाही, हे कोणी पाहायचे? ज्याने दहा वर्षांपूर्वी ध्यान सोडले तो पुन्हा आसनावर बसतो तेव्हा त्याला पहिल्या दिवसाची स्थिती न आठवता सोडण्याच्या आदल्या दिवसाची स्थिती आठवते, ती तो ताबडतोब मागू लागतो, आणि मिळाली नाही की पुन्हा उठून जातो. परतणाऱ्यांतले पुष्कळसे दुसऱ्यांदा जातात ते यामुळेच.

पतंजलींनी याबाबतीत कसलीही सवलत ठेवलेली नाही. अभ्यास दृढमूल व्हायचा तर तो दीर्घ काळ, खंड न पडता आणि आदरपूर्वक झाला पाहिजे, असे ते प्रथम पादातच सांगतात. चित्तविक्षेपांची जी यादी ते देतात तीत भूमिका न लाभणे हा एक अंतराय आहे आणि लाभलेली भूमिका न टिकणे हा दुसरा. म्हणजे सुटणे त्यांनाही परके नाही. मात्र सुटलेल्याच्या परतीची तजवीज त्यांच्या सूत्रांत मला आढळली नाही. त्यांचा शब्द नैरंतर्याचा आहे. गीता खंड क्षमा करते आणि योगसूत्रे अखंडत्व मागतात, आणि दोन्ही ग्रंथ प्रमाण आहेत; तेव्हा गृहस्थाश्रमी माणसाने कोणाचे ऐकावे? ज्याला पोरेबाळे आहेत, ज्याच्या घरी म्हातारी माणसे आहेत, त्याच्या कोणत्याही अभ्यासात खंड पडणारच. आणि खंड पडला म्हणजे अभ्यास गेला असे म्हणायचे तर अभ्यास फक्त संन्याशांचाच उरेल.

कठड्यावर त्यांच्या शेजारी बसलो असता मला वीणेची आठवण झाली. नैरंतर्य हवे हे पतंजलींचे म्हणणे अक्षरशः खरे आहे, पण ते नैरंतर्य एका खांद्याचेच असले पाहिजे असे कोठे आहे? खांद्याला थकायची मुभा आहे, वीणेला टेकायची नाही. मीही परतलेल्यांपैकीच. मी घरच्या अडचणीत होतो त्या वर्षांत कोणीतरी गात होते, कोणीतरी चालत होते, कोणीतरी दर महिन्याला या पंपावर पहाटे सहाला उभे होते. म्हणून मी परतलो तेव्हा परत येण्याला काही जागा होती. तसे पाहिले तर दोन्ही ग्रंथांत विरोध राहत नाही. अखंडत्व समुदायाचे आहे, आणि खंड व्यक्तीचा आहे. भगवंतांनी योगभ्रष्टाला पुन्हा आरंभ करण्यासाठी एखादी गुहा किंवा वन दिले नाही. त्यांनी त्याला घर दिले, कुळ दिले. आणि घर आपोआप असत नाही. योगभ्रष्टाने ज्या शुचिर्भूत घरी जन्मायचे ते त्याच्या येण्यापूर्वी कोणीतरी शुचिर्भूत राखलेले असावे लागते. ज्या ज्ञानी कुळात त्याने यायचे त्या कुळात, तो आला नसता तरीही, दिवा लावला जात असावा लागतो. भगवंतांचे ते अभिवचन पुरे करण्याचे काम मला वाटते त्यांनी आपल्यावर सोपवले आहे, आणि म्हणूनच ज्ञानी कुळातला तो जन्म त्यांनी दुर्लभ म्हटला असावा.

याला एक मोठा आक्षेप आहे, आणि तो महाभारतातूनच येतो. महाप्रस्थानाच्या वेळी धर्मराज हिमालयाच्या वाटेने पुढे चालले आहेत आणि एकेक जण मागे कोसळतो आहे: द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन आणि अखेर भीम. भीम दर वेळी विचारतो की ही का पडली, हा का पडला. धर्मराज त्या त्या माणसाचा दोष सांगतात आणि मागे वळून न पाहता चालत राहतात. हा प्रसंग मी जितक्या वेळा वाचला तितक्या वेळा माझ्या मनाला जाचला आहे. याचे समर्थन पुष्कळांनी केले आहे. अंतिम वाट ज्याची त्याने एकट्यानेच चालायची असते असे ते सांगतात. मला ते समर्थन पटत नाही, आणि व्यासांनाही ते पूर्ण पटले नसावे असे मला वाटते. नाही तर त्यांनी कथा तेथेच संपवली असती. त्यांनी पुढे कुत्र्याचा प्रसंग घातला, ज्याला सोडून स्वर्गात यायला धर्मराजांनी नकार दिला; आणि तेवढ्याने भागले नाही म्हणून स्वर्गारोहणपर्वात त्यांना नरकाच्या दुर्गंधीयुक्त वाटेवर आणून उभे केले. ते परत फिरू लागतात तेव्हा अंधारातून आवाज येतात: क्षणभर थांबा, तुमच्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हाला बरे वाटते. ते आवाज भावांचे आणि द्रौपदीचे आहेत. तेव्हा धर्मराज देवदूताला सांगतात की तू जा, मी येथेच राहतो. ज्याने आयुष्यभरात एकदाच मागे पाहिले नव्हते त्याची शेवटची परीक्षा थांबण्याची झाली, आणि तो थांबला तेव्हाच नरक मावळला. मुख्य म्हणजे त्या क्षणी त्याने त्या पडलेल्यांपैकी कोणाचाही दोष सांगितला नाही.

ज्याला खरोखर वेगाने जाता येते त्याने मग काय करावे, असे कोणी विचारील. ज्ञानदेवांनी तिसऱ्या अध्यायात झाडाच्या फळाचा दृष्टान्त घेतला आहे. पक्षी एका झेपेत फळाला जाऊन बिलगतो, माणूस फांदीवरून फांदीवर चढत जातो, आणि दोघांनाही फळ मिळते. पक्ष्याला त्यांनी कोठे दोष दिलेला नाही, आणि मीही देत नाही. महिन्यातले उरलेले तीन रविवार आमच्यातले तरुण ताम्हिणीत नाही तर महाबळेश्वरच्या घाटात आपल्या वेगाने जातात, आणि जावेही. परंतु हळू चालवणे म्हणजे कौशल्याची उधळपट्टी, ही समजूत चुकीची आहे. दुचाकी वेगात असता तिचा तोल बहुतांशी तीच सांभाळते. वेग माणसाच्या चालीइतका उतरला की तो आधार जातो, आणि मग क्लच अर्धवट धरून, मागचा ब्रेक किंचित लावून, नजर दूर ठेवून स्वाराला तो तोल क्षणोक्षणी स्वतः घडवावा लागतो. काका ज्या संथ लयीत वळणे घेतात त्या लयीत गाडी चालवणे आमच्या तरुणांना वर्षभर जमत नव्हते. दुसऱ्यासाठी वेग आवरणे हीदेखील साधनाच आहे, आणि ती सोपी नाही.

आम्ही दोघे माथ्यावर पोहोचलो तेव्हा वीस मिनिटे झाली होती. कोणीही “काय झाले” असे विचारले नाही. काकांनी पाण्याची बाटली पुढे केली, वाकलेला आरसा हाताने सरळ केला, आणि “निघायचं का?” एवढेच विचारले. सासवडला न्याहारीच्या वेळी मात्र एका उत्साही सभासदाने त्या गृहस्थांना शिकवायला सुरुवात केली. पाय असा ठेवा, ब्रेक तसा लावा, त्यापेक्षा हलकी गाडी घ्या. शेजारी बसलेल्या एका शिक्षिका, ज्यांनी त्याच दिवशी आयुष्यातला पहिला घाट चढला होता, त्या हे सर्व ऐकताना घासागणिक अधिक भेदरत होत्या. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात बुद्धिभेद करू नये असे जे सांगितले आहे ते अशाच प्रसंगासाठी. जाणत्याने आपण स्वतः नीट आचरावे आणि त्यातून इतरांकडून आचरून घ्यावे, नवख्याच्या मनात एकाच वेळी दहा विचार सोडू नयेत, हा त्यातला व्यवहार मोठ्या मोठ्या संस्था चालवणाऱ्यांनाही क्वचित उमगतो. काकांनी त्या सभासदाला थांबवले नाही. त्यांनी फक्त परतीच्या रांगेत त्या गृहस्थांना स्वतःच्या मागची पहिली जागा दिली आणि शिक्षिकेला दुसरी.

निघण्यापूर्वी आम्ही सोपानदेवांच्या समाधीचे दर्शन घेतले. त्या अंगणात मी त्या गृहस्थांना पाहिले. ते एका कोपऱ्यात उभे राहून, गाडी नसताना, डाव्या पावलाचा चवडा वर उचलीत होते आणि खाली आणीत होते, पुन्हा उचलीत होते. उजवे पाऊल त्यांनी फरशीवर स्थिर ठेवले होते. एखाद्या वैदिकाने विसरलेला स्वर पुन्हा घोकावा तसे ते चालले होते. घाट त्यांनी दुसऱ्या गिअरमध्ये, काकांच्या मागे, एकदाही न थबकता उतरला. त्यानंतर ते दर महिन्याला येतात, आणि गेल्या महिन्यात, माझ्या घरी पाहुणे असल्यामुळे मला जाता आले नाही तेव्हा, चंदावलीला ते होते.

ज्यांना वेग साधला आहे, हात बसला आहे, त्या स्वारांना, आणि स्वारांनाच कशाला, ज्यांचे गाणे, ज्यांचे पाठांतर, ज्यांचा नेम इतकी वर्षे टिकला आहे त्या सर्वांना माझी विनंती आहे. महिन्यातला एक दिवस रांगेतल्या शेवटच्या जागेसाठी राखून ठेवावा, आणि त्या दिवशी ठरलेल्या वेळेला, कोणी येवो अथवा न येवो, ठरलेल्या ठिकाणी उभे राहावे.